ताईच्या मोरीवरची डबी

माझ्या आईस,

तुझ्या नावाआधी ‘कै.’ लावायला हात धजला नाही. कोरेगावच्या दुकानात फ्लेक्स करताना ते अक्षर कुणाच्या ना कुणाच्या नावाआधी टाकतच असतो. पुढच्या नावातली वेलांटीसुद्धा दोनदा तपासतो. तुझा फ्लेक्सही मीच केला. पण पत्रात नको. पत्र लिहायचं ते ऐकणाऱ्या माणसाला.

आजच का लिहायला बसलो ते आधी सांगतो. सकाळी लोणंदला ताईकडे गेलो होतो. हात धुवायला मोरीवर गेलो, तर साबणाशेजारी तुझी मशेरीची डबी! झाकणाला पोचा आलेली, तीच. तुझे दिवस झाल्यावर मावशीनं तुझ्या साड्या वाटल्या, तेव्हा ताई म्हणाली होती, “मला कायबी नको. आईची डबी तेवढी द्या.” मला वाटलं, तुझं बघून ती मशेरी सोडील आणि डबी आठवण म्हणून देवाजवळ ठेवील. आई, डबी भरलेली होती! ताजी, काळीभोर भाजलेली. झाकण उघडलं आणि तो वास आला. वाटलं, आता तू मागून येऊन म्हणशील, “सरक की रं, चूळ भरू दे.”

मग जेवायला बसलो. भावजींच्या ताटात ठेचा, माझ्या ताटात ठेचा. ताई मात्र भाकरी दुधात कुस्करत होती.

“तुला ठेचा नको?”

“झोंबतंय तोंडाला. उष्णता झालीया.”

माझा घास तिथंच राहिला. तूही उष्णताच म्हणाली होतीस ना? सब्जा भिजवून प्यायलीस, जिरं चघळलंस, पावसाळा आला, हिवाळा आला, तरी तुझी उष्णता काही उतरली नाही. तुला सांगलीला नेलं तेव्हा तोंडात धड बोटही जात नव्हतं.

तिथल्या पहिल्या तपासणीची मला अजून आठवण येते. डॉक्टरांनी विचारलं, “तंबाखू?”

“न्हाई.”

“गुटखा? सुपारी?”

“आवं, आमच्या घरात पानसुदिक खात न्हाईत कुणी.”

किती ठसक्यात सांगितलंस! आणि तू खोटं बोलली नव्हतीस. मीही शेजारी बसून मान हलवली. आपल्याकडे तंबाखू बाप्यांनी खायची, बायकांनी मशेरी लावायची. दोन्ही एकच, हे तुझ्याही मनात आलं नाही आणि माझ्याही. मशेरी म्हणजे दात घासायची वस्तू. तिची तंबाखूत गणती कोण करतं?

गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. मग त्या मॅडम आल्या, ट्रायलच्या. म्हणाल्या, किरणांच्या शेकाबरोबर एक नवी गोळी देऊन बघतोय. निम्म्या पेशंटना ती मिळेल, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. शेक मात्र सगळ्यांना. यायचं की नाही ही तुमची मर्जी, नको म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत. त्यांनी दिलेले कागद मी तुला मोठ्यानं वाचून दाखवले. अकरावीत शाळा सुटली तरी वाचता येतं, असं मी म्हणालो, आणि तू म्हणालीस, “मग वाच, पर सावकाश. गाडी सुटतीया का तुझी?” तोंडाला पट्टी असतानाही तुझा टोमणा काही चुकला नाही!

पुढचं तर मॅडमही विसरल्या नसतील.

“म्हंजे मला कंची गोळी, त्ये डाक्टरलाबी ठावं न्हाई?”

“नाही.”

“ह्या पोरीलाबी न्हाई?” तू मॅडमकडे बोट केलंस.

“नाही.”

“मग कुणाला ठावं हाय?”

“कॉम्प्युटरला.”

“मग त्यालाच इचार की गपचिप.”

मॅडम तोंडाला रुमाल लावून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, “मावशी, तुम्हाला गुण येईलच असं मी सांगू शकत नाही. पण यातून पुढच्या पेशंटना उपयोग होईल.” तू माझ्याकडे बघितलंस, खिडकीकडे बघितलंस आणि वाकड्या तोंडानं म्हणालीस, “मला न्हाई तर न्हाई. माझ्या मागनं येणारीला तरी व्हईल.” आणि सही केलीस. सावकाश, एकेक अक्षर जोडून.

मशेरी सापडली ती त्यानंतर. वॉर्डातल्या बेसिनपाशी तू सकाळी उभी होतीस, बोट काळं झालेलं. मॅडम लवकर आल्या होत्या.

“मावशी, हे काय?”

“मशेरी.”

“अहो, ही तंबाखूच आहे!”

“काय तरीच. तंबाखू खात्यात, बाई. ही लावत्यात.”

मॅडम तशाच कॉटच्या कडेवर बसल्या.  मग त्यांनी तुझ्या फाइलीतलं ‘तंबाखू नाही’ खोडून त्यावर सही केली, वरच्या डॉक्टरांना फोन केला. तुला ट्रायलमधून काढलं नाही. पण डबी बंद झाली. किती चिडलीस! डोकं धरलंस, पोट साफ होईना, नर्सला बोललीस, मला बोललीस. “ह्या पोरीनं गोळी दिली आन् माझी मशेरी नेली. फसले मी सवद्यात!” पण पाळलंस, आई. मी डबी रोज उघडून बघायचो. तू पाळलंस.

तरीही दुखणं परत आलं. या वेळी मानेत. गोळी थांबवली, आणि मग घरी न्यायला सांगितलं.

रहिमतपूरच्या घरातले ते शेवटचे दिवस. बोलणं बंद झालं होतं. तू ओठांवरून बोट फिरवून दाखवायचीस. मला कळायचं. मी नाही म्हणायचो. एका दुपारी ताईनं चिमूटभर मशेरी घेऊन तुझ्या हिरडीला लावली. मी केवढ्यानं ओरडलो! तर ताई म्हणाली, “आरं, आता काय राखायचंय?” तू डोळे मिटून घेतलेस. चेहरा सैल झाला. कोण बरोबर होतं, आई? मी अजून ठरवू शकलो नाही.

आणि एक विचारू? रागावू नकोस. ताईच्या लहानपणी तिची दाढ किडली होती, तेव्हा तिला मशेरी तूच लावलीस ना? दुखणं थांबावं म्हणूनच लावलीस, हे मला माहीत आहे. तुलाही तुझ्या आईनं अशीच लावली असेल. दाढ पुढं काढून टाकली. मशेरी राहिली. मी कुणाला दोष देऊ?

आज जेवणं झाल्यावर ताईला परड्यात घेऊन गेलो. मोबाइलची बॅटरी लावली. “आ कर.”

“गप रं. सासूबाई बघतील.”

“बघू देत. आ कर.”

तिनं तोंड उघडलं. तिलाही पुरतं उघडता येत नव्हतं. डाव्या गालाच्या आत नखाएवढा पांढरा चट्टा होता. तुझी बाजू डावीच होती. मी बॅटरी बंद केली.

“काय हाय?”

“मी काय डॉक्टर आहे?”

“मग डोळे कशाला पुसतोयस?”

मी म्हणालो, उद्या सांगलीला जाऊ. तशी ती एकदम उसळली. “न्हाई यायची मी. आईवर परयोग केला त्यांनी. उंदरागत! काय झालं? गेलीच न्हवं?”

काय सांगणार होतो मी तिला? तुझ्यानंतर मी मॅडमना फोन करून विचारलं होतं, निदान आईला कुठली गोळी होती एवढं तरी सांगा. त्या म्हणाल्या, “दादा, सगळ्यांचं पूर्ण झाल्याशिवाय ते उघडत नाहीत. अजून पेशंट येतायत. मलाच माहीत नाही.” म्हणजे त्या गोळीत औषध होतं की नुसती पूड, हे मला माहीत नाही. ती चांगली होती असंही ताईला सांगता येईना, वाईट होती असंही सांगता येईना. मग मला माहीत होतं तेवढंच सांगितलं. सहीच्या आधी तू काय म्हणालीस ते.

ताई तिथल्याच दगडावर टेकली. परड्यात कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडे बघत होती.

“असं म्हणली व्हती?”

“हो.”

“तिला कुठं ठावं व्हतं, मागनं मीच हाय त्ये.”

मग आत गेली, मोरीवरची डबी आणली आणि माझ्या हातात ठेवली. “घिऊन जा. हितं ऱ्हायली तर हात जाईल.”

स्टेशनवरून मॅडमना फोन केला. म्हणाल्या, चट्टा म्हणजे नुसता चट्टाही असू शकतो, घाबरू नका, पण उशीर करू नका. मी घाबरलोय, आई. तुला ठाऊक आहेच, मी दाराची कडी तीनदा बघणारा माणूस.

घरी आल्यावर डबी रिकामी केली. राख टाकून घासली, साबणानं धुतली, उन्हात ठेवली. वास जात नाही. फेकवतही नाही. ती समोर ठेवूनच हे लिहितोय.

ताई बरी होईल, असं वचन मी तुला देत नाही. ते माझ्या हातात नाही. जे हातात आहे तेवढं सांगतो. उद्या ती लोणंदला गाडीत बसेल, मी रहिमतपूरला चढेन. डॉक्टर तंबाखूचं विचारतील तेव्हा मी मान हलवणार नाही. ती मशेरीचं बोलली नाही, तर डबी काढून टेबलावर ठेवीन. तिच्यापुढं कुठले कागद आले, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन, सावकाश. सही करायची की नाही हे तिचं ती ठरवील. आणि तिची आणखी एकही सकाळ ‘उष्णता झालीया’ म्हणण्यात जाऊ देणार नाही. तुझ्या वेळी आपण कितीतरी सकाळी घालवल्या, आई.

तुझा,
संदीप