मुकादमाच्या पापण्या

कोपरगाव, शनिवार, ९ डिसेंबर १९९५

दवाखाना लवकर बंद केला, तरी जेवण गेलं नाही. त्या मुकादमाचा प्रश्न अजून डोक्यात घोळतोय.

सकाळी घशाच्या डॉक्टरांनी त्याला माझ्याकडे सोनोग्राफीला धाडलं. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, दिवसभर ओरडणारा माणूस. पण घसा असा सुजलेला की तोंड उघडेना, शब्द फुटेना. आत पू झालाय की नुसती सूज आहे, एवढंच मला सांगायचं होतं. बाहेर बसलेल्या गरोदर बायका हसल्या, तसा तो दारातच अडला. पोटाचं मशीन गळ्याला कशाला, असंच वाटलं असणार. म्हटलं, चालतं हो, या आत. मान हलवली तरी कळ यायची, म्हणून 'हो' म्हणायला तो पापण्या मिटायचा.

जबड्याखाली जेल लावून पाहिलं. पडद्यावर काळं डबकं. पूच. ते त्याला सांगितलं आणि मग सांगतच सुटले. इथली थंडी, आई गेली ते, एकटीपुरता लावलेला भात रोज उरतो ते. तो आपला पापण्या मिटत राहिला. मला झालं तरी काय होतं?

पू काढून झाल्यावर संध्याकाळी तो परत आला, जेल पुसायला दिलेला माझा नॅपकिन द्यायला. आवाज घोगरा, पण फुटला होता.

"बाई, घरी बोलाया कुनीच न्हाई व्हय?"

आहेत की, असं म्हणणार होते. पण मी नुसत्या पापण्या मिटल्या.