पांढऱ्या चादरीचं पान

मंगळवार, ३ ऑक्टोबर १८७१. नेदर विनलो.
पोचलो एकदाचा! चाळीस घरं, एक ओढा आणि चर्चचा बुटका मनोरा. थोरले पाद्री मिस्टर रसब्रिज संधिवाताने अंथरुणाला खिळलेत. तेव्हा प्रवचनं, बारशी, मयती सगळं या धाकट्या पाद्र्याच्या गळ्यात. वर गावाचा आणि चर्चचा इतिहासही मीच लिहायचा. मला काय, हौसच आहे. चर्चची कापडं धुणाऱ्या लव्हीबाँडबाईंनी सफरचंदाचं पुडिंग आणलं आणि माझ्या हडकुळेपणावरून चार शब्द सुनावले. इथे मला कुणी ओळखत नाही. बरं वाटतं.

शुक्रवार, ६.
चर्चच्या १७४३ च्या नोंदवहीत टॅमसिन पेल ही मोलकरीण सापडली. लग्नाआधी दिवस गेले म्हणून तिला पांढरी चादर पांघरून, अनवाणी, तीन रविवार गावासमोर उभं केलं. आधी दारात, मग मधल्या वाटेवर, शेवटी प्रवचनाच्या चौथऱ्याखाली. तिथे गुन्हा मोठ्याने बोलायचा. पुरुषाचं नाव? 'विचारले नाही.' लव्हीबाँडबाई म्हणाल्या, तो तेव्हाचा धाकटा पाद्री, हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

हे पान मी इतिहासातून गाळलं. का, ते इथे तरी लिहावं. मागच्या गावी पाद्र्यांच्या घरी फीबी टर्क कामाला होती. दिवस गेले तरी तिने माझं नाव घेतलं नाही. तिला हाकललं तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी मान खाली घालून सूप पीत होतो. बाळासकट ती आता निराधारांच्या सरकारी गरीबखान्यात आहे म्हणे. मला माझीच लाज वाटते.

रविवार, ८.
प्रवचन चालू असताना दारात कुणीतरी पांढरं पांघरून उभं होतं. एकानेही वळून पाहिलं नाही.

सोमवार, ९.
टॅमसिनची ती चादर अजून चर्चच्या कपाटात आहे. शुभ्र, इस्त्रीची. शंभर वर्षांत वापरली नाही तर धुता कशाला, असं मी विचारलं. लव्हीबाँडबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरच्या बायकांनी कधी खाडा केला नाही बघा, साहेब. टॅमसिननं सांगून ठेवलंय, धाकट्या पाद्र्याला लागेल तेव्हा स्वच्छ असू दे."

रविवार, १५.
मधल्या वाटेवर होती. चादरीत कुणीच नव्हतं. रिकामी, माझ्याकडे उघडी धरलेली. मला पुढचं वाक्य आठवेना. लोक खोकले.

गुरुवार, १९.
रसब्रिजसाहेबांना सगळं सांगायला गेलो. हवापाण्याचं बोलून परतलो. भेकड—

रविवार, २२. चर्चमागची खोली.
घंटा थांबली. माझे जोडे नाहीत. अंगावर चादर आहे— मी घेतली नाही. दाराच्या फटीतून पाहिलं. पहिल्या बाकावर फीबी, मांडीवर बाळ. लव्हीबाँडबाई सरकून तिला जागा करून देताहेत. तिला कुणी बोलावलं—

काय बोलायचं ते लिहून घेतो. 'मी, एडमंड थर्कल, कबूल करतो की फीबी टर्क हिने मला—' नाही. खोडलं.

'मी कबूल करतो की फीबीनेच—' हात दुसरं लिहीतच नाही. चादर गळ्याशी आवळते. दर वेळी जरा जास्त.

तरी मी दोष तिच्यावरच ढकलत लिहितोच आहे. अजूनही. श्वास—

'मी कबूल करतो की ति