खाली, खाली, अजून खाली

सोमवार, ३ जून
रोजनिशी लिहायची हे जानेवारीतच ठरलं होतं. वहीही तेव्हाच घेतली. मग चांगलं पेन मिळू दे म्हणून थांबलो, मग चांगली नोकरी लागू दे म्हणून. नोकरी लागली. पेन तेच आहे.

काम क्रेनवर. म्हणजे क्रेनखाली. वर भाऊजी बसतात, ताईचे मिस्टर. इमारतीच्या मागचं त्यांना वरून दिसत नाही, तिथे मी त्यांचे डोळे. वॉकीटॉकीवर सांगायचं: खाली, खाली, खाली. भाऊजींनी नियम पुन्हा पुन्हा बजावला. तू बोलतोयस तोवर मी लोड उतरवणार, गप्प झालास की थांबवणार. मी म्हटलं, भाऊजी, बोलणं ही तर माझी कला. म्हणाले, तीच भीती आहे.

लोड खाली आला की काका हाताने जागेवर बसवतात आणि पट्टे सोडतात. साइटवर सगळेच त्यांना काका म्हणतात. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, आधीचा पोरगा तोतरा होता. पण बेस्ट होता. एकेक शब्द बघून काढायचा.

बुधवार, ५ जून
ट्रेनिंग. मेंदूवर बोलायला एक मॅडम आल्या होत्या. मेंदूत म्हणे बदामाएवढा एक भाग असतो. धोका दिसला की तो आपलं लक्ष तिकडे खेचून नेतो, आपण ठरवायच्या आधीच. आत एवढी सोय असताना लोक डोळे ताणून का बघतात, देव जाणे. मॅडम पुढे 'पण' म्हणाल्या. तेवढ्यात खिडकीबाहेर एक मांजर कुंपणावरून चाललं होतं. पडतं की काय म्हणून बघत बसलो. नाही पडलं. वळलो तर टाळ्या चालू.

संकल्प: उद्यापासून बदामावर पूर्ण भरवसा.

शनिवार, ८ जून
शोध लागला! तोंड आपोआप चालतं. आज खाली-खाली म्हणता म्हणता जहाजावर नोकरी धरायचा अख्खा बेत मनात आखला, आणि लोड व्यवस्थित टेकला. एका डोक्यात दोन कामं. फार थोड्यांना जमतं. काकांना सांगितलं. ते म्हणाले, टेकला, कारण मी सरकलो.

जळका माणूस.

मंगळवार, ११ जून
नवा सेफ्टीवाला साहेब. पांढरं हेल्मेट. सगळ्यांसमोर मला विचारलं, लोड लटकत असताना तू कुठे बघतोस? मी म्हटलं, सगळीकडे. मुकादम इतका हसला की त्याला ठसका लागला. साहेब हसला नाही. शुक्रवारी येतो म्हणाला, फक्त तुला बघायला.

जेवताना ताईने भाजी दोनदा वाढली, मला पत्ता नाही. ताई म्हणाली, लक्ष कुठंय तुझं? म्हटलं, पांढऱ्या हेल्मेटवर. भाऊजी ताटातून मान वर न करता म्हणाले, लोडखाली साहेब नसतो. काका असतात.

गुरुवार, १३ जून
तयारी जोरात. बूट पुसले. ताठ उभं राहायची सवय केली. साहेब एक दिवस आधीच टपकला तर? म्हणून दिवसभर गेटकडे नजर. काका दोनदा ओरडले, दुसऱ्यांदा शिवी घालून. बदाम मात्र शांत होता, म्हणजे धोका नव्हताच. शास्त्र आहे हे.

एक खरं. पांढरं काहीही दिसलं की पाठ आपोआप ताठ होते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीलाही आज सलाम ठोकता ठोकता राहिलो.

शुक्रवार, १४ जून, दुपार. सामानाची खोली
नीट लिहून ठेवतो. चौकशीत विचारतील.

सकाळी काँक्रीटचा तयार जिना क्रेनला लटकून खाली उतरत होता. मी बोलत होतो. गेटातून पांढरं हेल्मेट आत आलं. मी छाती काढली, हनुवटी वर. ते जवळ येत होतं आणि मी बोलत होतो, आवाज खणखणीत. इतकं सुंदर मी कधीच बोललो नव्हतो. खाली, खाली, अजून खाली. हेल्मेट जवळ आलं. साहेब नव्हताच, प्लंबर होता. जिवात जीव आला, हसू फुटलं. हसतानाही बोलणं चालूच होतं.

मग भाऊजींनी आपणहून थांबवलं. जमीन यायच्या आधीच वरच्या मीटरवर हूकचं वजन कमी दिसायला लागलं म्हणे, जिना मध्येच कशावर तरी टेकल्यासारखं.

काकांना गाडीतून नेलं. डावा हात टॉवेलात. मुकादम म्हणतो, ते ओरडत होते, पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं. मी त्यांच्या शेजारी होतो. मला ऐकू आलं नाही.

माझ्या बाजूने: आवाज स्पष्ट होता. खंड पडला नाही. नियम मी पाळला.

भाऊजी खाली उतरले, माझ्या हातातून वॉकी काढून घेतला आणि गेले.

संध्याकाळ
साहेब आलाच नाही. बहुतेक चौकशीही होणार नाही. वॉकीवर सगळ्यांचे आवाज सारखेच येतात, कोण बोलत होतं हे कोणाच्या ध्यानात राहतंय? सोमवारी फळं घेऊन काकांकडे जाईन. समजूतदार आहेत ते. तोवर बॅग भरून ठेवायला काय हरकत आहे?

गेटवर एक बाई आली आहे. मुकादम खुर्ची पुढे करतोय, ती बसत नाही. काकांची बायको, असं कोणीतरी म्हणालं. ती तर हॉस्पिटलात असायला हवी. विचारतेय, खाली म्हणणारा कुठला? मुकादमाने या खोलीकडे बोट केलं.

निघाली. डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय, पाय ओढत येतेय. बाहीला पीठ लागलंय. मुठीत कसलासा कागद, घामाने ओला. एवढ्या लांबून सगळं कसं स्वच्छ दिसतंय.

दारात आली.