वर्ष सरण्याआधी पाहिलेली सिंहीण

माय, त्या सकाळी तू चुलीपाशी मिरच्यांचे देठ खुडत होतीस. मी अंगण सारवून हात धूत होते, तेवढ्यात पोरं ओरडत गेली की पारशिवनीच्या बाजारात पिंजऱ्यातला वाघ आणलाय. सगळं घर निघालं. आत्या तुला म्हणाली, "तू नोको येऊ वं. लोक काय म्हनतील?" बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. तू मान वर न करता म्हणालीस, "मी कायले येऊ? मले काम पडलं आहे." मी परत आले तेव्हा मिरच्या कधीच संपल्या होत्या आणि तू नुसती बसून होतीस. मग भाकर थापता थापता विचारलंस, "त्याचे डोये कसे होते वं?" मी म्हणाले, पिवळे. त्यानंतर तू वाघाचं नाव कधी काढलं नाहीस.

आता मीही तुझ्यासारखीच आहे. हे गेले, त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. माझी मुलगी केनियात असते, जावई तिथल्या कापडगिरणीत आहेत. तिथलं जंगल पाहायला आम्ही दोघांनी जायचं ठरवलं होतं, पासपोर्टही झाले होते. हे वाचनालयातून पुस्तकं आणायचे. तू गेल्यावर मी त्यांतूनच अक्षरं लावायला शिकले, आणि सिंहाबद्दल आम्ही दोघांनी मिळून बरंच वाचलं होतं. ट्रंककॉलवर मुलगी म्हणाली, "आई, तू एकटी ये, पण ये." जाऊबाई म्हणाल्या, "काहून वं, वर्षश्राद्ध तर होऊ दे. सिंह काही पळून नाही राहिले!" बायका हसल्या. मी बॅग भरली.

मुंबईला विमानात चढताना मी रांगेत मागं मागं सरकत राहिले. इतक्या माणसांच्या प्रवासाला विधवेचं तोंड आधी नको. शेवटी विमानातली मुलगी जिना उतरून आली आणि मला हाताला धरून वर घेऊन गेली. तिला वाटलं, बाई घाबरली. खाली ढग पसरले होते, पिंजलेल्या कापसासारखे. "अहो, पाहा," म्हणत मी वळले, तर शेजारी एक अनोळखी गृहस्थ घोरत होता.

जंगलात पहिल्याच सकाळी सिंहीण दिसली. गाडीचं छत उघडं आहे, चालकानं इंजिन बंद केलंय. ती वाळक्या गवतात पसरलीय आणि एक पिल्लू तिचं शेपूट चावतंय. ती त्याला पंजानं ढकलते, ते कोलांटी खातं आणि पुन्हा शेपटालाच येऊन धरतं. मी मोठ्यानं हसले. मुलगी वळून म्हणाली, "आई, हसलीस तू!" तिला आनंद झाला होता. मी मात्र पदर तोंडाला लावला आणि मुक्कामाच्या तंबूपाशी येईपर्यंत तो काढला नाही.

दुपारभर मी बाहेर खुर्चीवर बसून होते. इथं सगळ्यांनी तीच सिंहीण पाहिलेली, तिचे डोळे कसे होते हे मला विचारणारं कोणी नव्हतं. तुझाच विचार येत होता. तू बाजारात जाऊन वाघ पाहिला असतास, तर बाबांचं काय कमी होणार होतं? पण आत्यानं अडवलं नसतं, तर तू गेली असतीस का, हेही मला ठाऊक नाही. विचारायचं राहून गेलं. मुलगी येऊन म्हणाली, "उद्या पहाटे पुन्हा जायचंय. येशील?" मागून जावई म्हणाले, "आईंना नसेल बरं वाटत, तर राहू दे त्यांना." मी म्हणाले, पाहू.

हे सगळं मी आता नागपूरला परत येऊन लिहिते आहे. तू असतीस तर तुला कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि मग पुढचं मला लिहिता आलं नसतं. सिंहीण दिसल्यापासून मी हसेपर्यंत मला यांची आठवण झाली नव्हती. एकदाही नाही. जाऊबाईंनी विचारलं, "कसं होतं?" मी सांगितलं, ऊन फार होतं.

तिथं दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वेटर घातला आणि मुलगी-जावयांसोबत पुन्हा जंगलात गेले.