पिसांच्या टोपीतली बाई

१४ मार्च २००९, शनिवार

जुन्या बाजारात गेलो, काही घेतलं नाही. गेंचोने (माझा बाजारातला दोस्त आणि वैरी) बुखारेस्टच्या कुणा नटीचा फोटो नाकासमोर नाचवला. "घे, लग्नाचं वय झालंय तुझं." बहात्तराव्या वर्षी! म्हटलं, घरी एक आहे.

खरंच आहे. पिसांची मोठी टोपी, उघडे खांदे, ओठाच्या वर डावीकडे तीळ. १९१२च्या आसपासची, इथल्याच, रूसे शहरातल्याच स्टुडिओतली. मागे नाव नाही. किती वर्षं ते शोधतोय. जमवलेल्या बाकीच्या सुंदऱ्यांचे फोटो पेट्यांत, भिंत हिची एकटीची.

१७ मार्च

तीळ सापडला!

पोस्टाजवळच्या खांबावर शोकपत्र, इथे पुण्यतिथीला खांबांवर, दारांवर चिकटवतात तसलं. 'आमच्या लाडक्या सुल्तानाआजीला जाऊन चौतीस वर्षं झाली. नात स्तोयना.' फोटो ओळखपत्रावरचा, डोक्याला रुमाल, तोंडाचं बोळकं. पण तीळ तोच, तिथेच. हनुवटीही तीच. जन्मभर चष्मे विकले, माझी नजर चुकत नाही.

घराच्या दारावरही शोकपत्र असणारच, म्हणून आसपासच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. घर सापडलं. वर गेलो नाही.

१८ मार्च

आजही नाही. सांगितलं तर फोटो द्यावा लागेल.

२० मार्च

त्या नातीकडे आजीचा तो बोळक्याचा एकच फोटो असेल तर? दाढी करताना हेच, जेवताना हेच.

२२ मार्च, रविवार

दिला.

चार मजले चढून गेलो. स्तोयनाबाई साठी उलटलेल्या, हात पिठाचे. म्हटलं, "बाई, तुमची आजी आणलीय." त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. बराच वेळ. "आत या आधी, घामाघूम झालात," म्हणाल्या. भट्टीतून काढलेली गरम, पापुद्र्यांची बनित्सा खायला घातली, आतलं चीज हात राखून नव्हतं. फोटो कपाटावर ठेवला. "एकदम नका तोडू. रविवारी येत जा बघायला."

भिंतीवर फिकट चौकोन उरलाय. वाईट वाटतंय. फार.

२९ मार्च

फोटो बघितला. बनित्सा.

५ एप्रिल

सोंगट्यांत सपाटून हरलो. "डोळे पटावर ठेवा, कपाटावर नको." त्यांचे यजमान बोटीवर होते म्हणे, ते घरी असले की असंच भांडत खेळायच्या. मीही भांडलो.

१९ एप्रिल, ईस्टर

लाल अंडी एकमेकांवर आपटली. माझं फुटलं, तिचं शाबूत. वर्षभर नशीब तिचं! स्तोयनाच म्हणायचं, बाई नको, असं ठरलं.

घरी आल्यावर लक्षात आलं, फोटो बघायचाच राहिला.

२५ एप्रिल

स्तोयनाचा फोन. आवाज पडलेला. "फोटो पुसला हो मी. तीळ निघून आला."

कशाने पुसला? ओल्या फडक्याने! शंभर वर्षांचा फोटो! ओरडलो. मग फोन ठेवून पेट्या उघडल्या.

तीळ रंगाचा. स्टुडिओवाले तेव्हा बायकांच्या गालावर, ओठावर असा ठिपका ठेवून द्यायचे, फॅशनच होती. माझ्याच पेट्यांत तसले डझनभर आहेत. आणि मी नजरेच्या गप्पा मारतो.

म्हणजे ती सुल्ताना नव्हेच. भलत्याच बाईला आजी म्हणून देऊन आलो. उद्या जाऊन माफी मागायची, फोटो परत आणायचा. भिंत भरेल. आनंद व्हायला हवा होता, पण होत नाही. रविवारचं काय?

२६ एप्रिल

"मला दारातच कळलं होतं," स्तोयना म्हणाली. "आमच्या आजीचे कान सुपाएवढे. हिचे बघा, केवढे नाजूक. पण तुम्ही तो छातीशी धरून उभे होतात, माझ्याने नाही म्हणवेना. मग तुम्ही यायलाच लागलात. घेऊन जा आता, तुमचाच आहे."

कागदात गुंडाळूनही ठेवला होता तिने. मी कागद सोडला, फोटो पुन्हा कपाटावर ठेवला. म्हटलं, "इथेच राहू दे. बघायला यायला नको?"