लोकरीचे तीन पट्टे

ता. ४

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

बातमी अशी की तुझी ताई मेकॅनिक झाली. हे गेल्यापासून वर्षभर झाकून ठेवलेल्या ह्यांच्या गाडीला माझे दीर रविवारी गिऱ्हाईक आणणार आहेत. मी म्हटलं, त्याआधी ती मी स्वतः चालू केली तर विकायची नाही. ते इतके हसले की चहा नाकात गेला.

मग काय! वाचनालयातून दुरुस्तीचं पुस्तक आणलं, ह्यांचा चष्मा लावला नि बॉनेटखाली शिरले. जुनं ऑइल परातीत काढलं, नवं भरलं. एअर फिल्टर झटकताना शिंकून बेजार झाले. मग मोठ्या तोऱ्यात प्लगच्या तिन्ही वायरी एकदम उपटल्या, प्लग घासले नि पान उलटलं. तिथे लिहिलेलं: एका वेळी एकच वायर काढावी!

वायरींना ह्यांनी खुणेची लोकर बांधलीय. लाल, पिवळी, निळी. पण कुठली कुठे, ते त्यांनाच ठाऊक. अंदाजाने लावल्या, किल्ली फिरवली, तर असा बार उडाला की शेजारचे शिंपीकाका टेबलाखाली! हसतेय खरी, पण त्या सीटला अजून ह्यांच्या बसण्याचा खळगा आहे गं. तो कसा विकू?

हात काळे असले तरी आशीर्वाद स्वच्छ आहेत, गोड मानून घे.

तुझी ताई

ता. ६

ती. ताईस सा. न. वि. वि.

त्या परातीतलं जेवायला मला बोलावलंस तर उपाशी राहीन, आधीच सांगते.

अगं, लोकर कुठली ते विसरलीस? दाजींना तू विणलेल्या स्वेटरची! ते गेल्यावर कपाटात बघवत नाही म्हणून तो तू आमच्या ह्यांना दिलास. आत्ता तोच घालून बसलेत. मी त्यांना दिव्याखाली उभं केलं. गळ्यापासून खाली पट्टे निळा, लाल, पिवळा. दाजींनी दुसरा कुठला क्रम लक्षात ठेवला असणार? तसं लावून बघ. शिंपीकाकांना आधी सावध कर.

माया आहे तशीच राहू दे, बार मात्र नको.

तुझी धाकटी

रविवार

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

निळी, लाल, पिवळी, उजवीकडून लावत गेले. पुन्हा बार! काका आता आधी शिवणयंत्र उचलतात, मग पळतात. तेवढ्यात दीर गिऱ्हाईक घेऊन दारात. बॉनेटवर हात टेकून उभी राहिले, आणि एकदम आठवलं. अगं, हे डावखुरे! ह्यांचं सगळंच डावीकडून सुरू व्हायचं.

वायरी उलट्या क्रमाने लावल्या. गाडी खोकली, थरथरली आणि चक्क गुरगुरायला लागली! मला रडू फुटलं, म्हणून हॉर्न दाबून धरला, कुणाला ऐकू नको जायला. गिऱ्हाईक हिरमुसून गेलं. दीर कान धरून म्हणाले की वहिनी, आमच्याही गाडीचं ऑइल तेवढं बदलून द्या.

या पत्राला तिकीट नाही, बघितलंस? मीच दाराच्या फटीतून सरकवतेय. पळत खाली ये. यजमानांना तो स्वेटर घालूनच आण आणि माझ्या जुन्या जागी बसव. ह्यांच्या खळग्यात आता मी बसते.

बाकी लोभ समक्ष घेईन.

तुझी ताई