पंधरा मिनिटं एका जागी

चाचा, परवा सकाळी अकरा वाजता मला विद्यापीठाच्या संगीत विभागात तीन परीक्षकांसमोर क्लॅरनेट वाजवून दाखवायचं आहे, आणि मला बसून वाजवता येत नाही. हे तुम्हालाच सांगता येईल, दुसऱ्या कुणाला सांगितलं की हसतात. पदवीला प्रवेश पाहिजे तर आधी ही परीक्षा. मांडी घालून, एकच राग, पंधरा मिनिटं. आठवीत शाळा सोडलेला मी, सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी, मग बारावी काढली ती ह्याच्यासाठीच, आणि पास झालो त्या दिवशी वाटलं होतं की अवघड होतं ते संपलं. इथे पुण्याच्या पुढे कंपनीत दिवसभर गाड्यांच्या सीटवर कव्हर चढवतो. खोलीतले पाच जण पाळीपाळीने झोपलेले असतात, तिथे फुंकर मारायची सोय नाही. म्हणून कंपनीच्या मागे प्लॉट पाडून ठेवलेत, घर एकही नाही, त्या रस्त्यावर जाऊन वाजवतो. चालत वाजवलं की सगळं येतं. आलाप येतो, लांब सूर येतो, दम पुरतो. दगडावर बसलो की दोन ओळींत छाती रिकामी.

तुम्ही शिकवलंच चालत. रिसोडच्या तुमच्या बँडच्या दुकानात लाल कोट आणि टोप्या टांगलेल्या होत्या, तिथे फक्त वाद्यं पुसायची आणि चहा प्यायचा, शिकवणी रस्त्यावर. वरातीपुढे तुम्ही उलटे चालायचात, आमच्याकडे तोंड करून, मागे खड्डा आहे की गाय आहे हे न बघता, आणि कधी पडला नाहीत. पहिल्या सीझनला माझा सूर सारखा फाटायचा, तेव्हा बाकीचे वाजवत असतानाच तुम्ही माझ्या कानाशी येऊन ओरडला होतात, "अबे, दम छातीत नोको ठेवू, छाती दगा देते. दम पायात ठेव. डावा पाय पडला का घे." तेव्हापासून मी पायावर श्वास घेतो. जनरेटरच्या वर आवाज गेला पाहिजे म्हणून जोरात वाजवतो. आणि गाणं कुठे संपवायचं हा प्रश्नच कधी आला नाही, तुमचा हात वर गेला की जिथे असेल तिथे तोडायचं, दुसरं धरायचं.

एकदाच नाही तोडलं. किन्हीराजा गावातलं लग्न होतं, दुपारची पाठवणी. नवरीचा बाप जीपचं दार धरून उभा, सोडेचना, आणि वरात जागेवर थांबलेली. चालायचं नव्हतं म्हणून मीही उभा राहिलो आणि त्याच दोन ओळी हळू, आणखी हळू घेत गेलो. डोळे मिटले होते. आज आठवतं तर वाटतं त्या वेळी मी श्वास कुठून घेत होतो देव जाणे, पाय तर हलत नव्हते. डोळे उघडले तेव्हा समोर जीप नाही, नुसता धुरळा, आणि सगळा बँड वाद्यं खाली करून माझ्याकडे बघतोय. तुम्ही मानेवर एक ठेवून दिली. "नवरी गेली, जीप गेली, तू कोनासाठी वाजवून राह्यला बे?" त्या सीझनभर माझी चेष्टा झाली. जेवायला बसलो तरी ढोलवाला विचारायचा, "काय साहेब, नवरी पोहोचली का सासरी?" परत येताना शेलूबाजारला चहाला उतरलो तेव्हा तुम्ही बाजूला घेऊन म्हणालात, "बरं होतं ते. पन आपलं काम लोकायले पुढं न्यायचं हाये, थांबवायचं नोहे." मला त्यातलं 'बरं होतं' तेवढंच ऐकू आलं होतं. दुसरा अर्धा भाग आता ऐकू येतो, रोज.

इथे रविवारी एका सरांकडे जातो. ते बासरीवाले आहेत, सभ्य माणूस, मोबाइलवर तानपुरा लावून समोर बसवतात. यमन घेऊन बसलोय आम्ही चार महिने. तीव्र मध्यमाच्या जागी बोटं आपोआप साध्या मध्यमावर जातात, कारण वरातीतली निम्मी गाणी तशीच बसलीत हातात. पहिल्या दिवशी सर मध्येच थांबवून म्हणाले, "अरे, तुझे गुडघे का हलतायत?" मी म्हटलं, चालतोय सर. ते हसले, मग हसायचं थांबले आणि म्हणाले, "हे मोडायला वर्ष लागेल." माझ्याकडे तेव्हा वर्ष नव्हतं, आता दोन दिवस आहेत. आज विभागात फोन करून विचारलं, उभं राहून वाजवलं तर चालेल का. तिथला कारकून म्हणाला, "उभे राहा, बसा, लोळा, पण पंधरा मिनिटं वाजवा." मी पुढे विचारणार होतो की चाललं तर चालेल का, पण त्याने ठेवून दिला. ती खोली मी बघून आलोय. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं.

काल पहाटे ड्यूटीच्या आधी पुन्हा बसून पाहिलं. चौथ्या मिनिटाला सूर तुटला. पाचव्याला मीच सोडला. नुसतं उभं राहूनही होणार नाही चाचा, मला कळतं. तरी रजा टाकली आहे, शर्ट धुवून ठेवलाय. मायने फोनवर विचारलं, "काहून जीव जाळून राह्यला बापू? नोकरी हाये, जेवन हाये. कोनं भरवलं तुया डोक्यात?" मी म्हणालो, चाचांनी. म्हणालो, शेवटचं भेटलो तेव्हा तेच म्हणाले, तुझ्यात आहे ते, शीक.  तुमचं नाव ऐकून ती म्हणाली, "ते म्हनले असतीन तं जाय." सरांनाही हेच सांगितलं, त्यांनी म्हणूनच घेतलं असावं.

शेवटचं भेटलो ते तुमच्या स्वयंपाकघरात. चाची भाकरी थापत होती, तुम्ही भिंतीला टेकून खोकत होतात, मी दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेलो. मी विचारलं, चाचा, मी कुठं शिकायला गेलो तर? तुम्ही टोस्ट चहात बुडवून धरला, तो मऊ होऊन पडेपर्यंत. मग म्हणालात, "कंपनीत जेवन भेटते का?" भेटते म्हटलं. "मंग बरं हाये." एवढंच. पुढच्या महिन्यात तुम्ही गेलात आणि मातीला यायला मला रजा मिळाली नाही.

रिसोडच्या पत्त्यावर हे टाकलं तर चाचीच्या हातात पडेल. तिला वाचता येतं, आणि त्या दिवशी ती तिथेच बसून सगळं ऐकत होती. म्हणून टाकत नाही. परवा त्या तिघांनी विचारलं की तुला इथे कोणी पाठवलं, तर मी परत तुमचंच नाव सांगणार आहे.